एजंटचा रेरा नंबर म्हणजे व्हॅल्युअरची नोंदणी नव्हे

"रेराचा एजंट नंबर मिळाला की फ्लॅटचा व्हॅल्युएशन रिपोर्टही देता येतो," असा मेसेज अनेक वर्षं फिरतो आहे. रेरा म्हणजे घर-जमिनीच्या व्यवहारांसाठीचा नियामक कायदा. गैरसमज होणं साहजिक आहे. दादरला किंवा बोरिवलीत कुठल्या इमारतीत काय भाव चाललाय, हे मुरलेल्या एजंटला खरोखरच ठाऊक असतं. पण रेराची नोंदणी खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवण्यापुरती असते.

नोंदणीकृत मूल्यांकनकर्ता, म्हणजेच व्हॅल्युअर, होण्याची वाट २०१७ च्या कंपनी मूल्यांकन नियमांत आहे. 'जमीन व इमारत' या वर्गासाठी सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतरचा ५ वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असेल तर ३ वर्षांचा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. पदवीआधीची वर्षं मोजली जात नाहीत, आणि अनुभव त्याच विषयातला हवा, त्यामुळे दलालीची वर्षं कामी येत नाहीत. पुढे मान्यताप्राप्त संस्थेचं सदस्यत्व, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि संगणकावरची परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के गुण लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. अंदाजाने खुणा करू नका.

बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिने निवडलेल्या व्हॅल्युअरच्या यादीत, येणं आणि आयकरासाठीची नोंदणी या आणखी वेगळ्या गोष्टी.

खात्री करायची तर अहवालावरचा नोंदणी क्रमांक नोंदणीकृत मूल्यांकनकर्त्यांच्या ऑनलाइन यादीत शोधा आणि वर्ग नक्की बघा. 'यंत्रसामग्री' किंवा 'रोखे व वित्तीय मालमत्ता' या वर्गाची नोंदणी खरी असली, तरी ती फ्लॅटसाठी चालत नाही.