२,१४,७४,८३,६४७ : आठवी मर्सेन मूळ संख्या

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा घडणीच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांचे नाव मिळाले असून त्यांत हिचा क्रमांक आठवा आहे. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने ३१ एक येतात, शून्य एकही नाही.

घातांक मूळ असला म्हणून उत्तर मूळ येतेच असे नाही. ११ घेतला तर २०४७ येतात आणि ते २३ × ८९ असतात. इटालियन गणिती काताल्दी याने २३, २९, ३१, ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असे सांगितले होते. खरा ठरला तो एकटा ३१.

त्याची सिद्धता स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये दिली, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित खाली आहे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे तर हजारो भागाकार झाले असते. पण विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने, म्हणजे ३१ च्या दुपटीने, भागून बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागून १ किंवा ७. दोन्ही अटी जुळवल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या संख्याच तपासायच्या राहतात, म्हणजे फार तर ३७२. त्यांतही मूळ तेवढ्याच घ्यायच्या. पहिली ३११: भागले, बाकी ३५. पुढची १३०३: बाकी २२६. असे शेवटपर्यंत गेले तरी बाकी शून्य कुठेच येत नाही. हजारोंचे काम शेकड्यांवर आणणारी ही युक्ती या संख्येच्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते अशी संख्या. हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधायच्या भानगडीत कोणी पडणार नाही, असे इंग्रज गणिती बार्लो याने १८११ मध्ये लिहिले. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकाने २ च्या १२७ व्या घातातून १ वजा करून येणारी ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, आणि तिच्यासोबत तितकीच मोठी झेप घेणारी परिपूर्ण संख्याही आली.

संगणकात चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतील.

३१ स्वतःही मर्सेन मूळ संख्याच आहे. मग ही संख्याच घातांक म्हणून वापरली तर? साखळी तिथे तुटते. येणारी अवाढव्य संख्या संयुक्त आहे आणि २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ हा तिचा एक विभाजक आहे. त्यातून १ वजा करून आपल्या संख्येने भागले, तर नेमके १,३७,४९० येतात. ३१ च्या वेळी ऑयलरने लावलेला नियम इथेही तसाच लागू पडतो.