स्टेपनी

मोटारगाडीसोबत बाळगलेले जादा चाक. रिमवर चढवलेला, हवा भरलेला टायर म्हणजे स्टेपनी. नुसत्या टायरला कोणी स्टेपनी म्हणत नाही. ‘राखीव चाक’ हा प्रतिशब्द फार तर कागदोपत्री भेटतो. मुंबईतल्या टॅक्सीवाल्याच्या आणि गॅरेजमधल्या पोऱ्याच्या तोंडी तो कधी बसला नाही.

मूळ शब्द एका रस्त्याचा आहे. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास हे चाक विकायला आणले. तेव्हा मोटारीची चाके चटकन निघत नसत. पंक्चर झाले की रस्त्याकडेला बसून टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे, पुन्हा हवा भरायची. डेव्हिस बंधूंच्या चाकाला आरे नव्हते. नुसती रिम आणि तिच्यावर फुगवलेला टायर. हवा गेलेल्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला ते आवळायचे आणि गाडी हाकायची. म्हणजे मूळची स्टेपनी चाकाच्या जागी नव्हे, चाकाच्या जोडीला लागत असे. पुढे नट काढून सुटणारी चाके आली, ही युक्ती मागे पडली आणि तिचे नाव इंग्लंडमध्येही विसरले गेले. भारतात ते टिकले. ब्राझीलमधला ‘एस्तेपी’ हा शब्दही त्याच घरचा. डिक्कीचेही असेच. जुन्या मोटारींच्या मागे उघडणाऱ्या जादा बैठकीचे ते नाव आपण सामानाच्या खणाला दिले.

चाक बदलताना जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करतात. अधांतरी चाक पान्याबरोबर फिरत राहते. आवळताना शेजारचे नट ओळीने न घेता समोरासमोरचे घेतात, म्हणजे रिम वाकडी बसत नाही. उतरलेले चाक मग पंक्चरवाल्याकडे जाते. मराठीत पंक्चर ‘काढतात’, जणू तो काटाच.

चेतकसारख्या स्कूटरची दोन्ही चाके सारख्या मापाची असल्याने एकच स्टेपनी पुढेमागे कुठेही चाले. मोटारसायकलला ती सोय कधीच नव्हती. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत सीएनजीचा सिलिंडर आला आणि डिक्कीतली जागा आक्रसली. दादरला उतरलेल्या प्रवाशाची ट्रंक टपावरच्या कॅरिअरवर चढते त्याचे हेही एक कारण.

बोलीत बदली खेळाडूलाही स्टेपनी म्हणतात. बाईबद्दल तो शब्द वापरला जातो तेव्हा मात्र ती सरळ शिवी असते.

नव्या गाड्यांत बारीक चाकाची स्टेपनी मिळते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असे बहुधा रिमवरच लिहिलेले असते. २०२०मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना तेव्हापासून स्टेपनीची सक्ती उरली नाही. खिळ्याने पडलेले भोक हा संच बुजवतो. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू फाटली किंवा रिम वाकली, तर तो कुचकामी. मुंबईत जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याने ही सवलत न घेतलेली बरी. स्टेपनी असली तरी तिची हवा महिन्याकाठी पाहावी लागते. वर्षभर डिक्कीत पडून राहिलेली स्टेपनी अनेकदा ऐन वेळी स्वतःच बसलेली निघते.