रॉबिन्सन जेफर्स आणि 1948 चं ते निवेदन

पर्यावरणाच्या चर्चेत आज अमेरिकन कवी जेफर्सच्या ओळी हमखास येतात. 1965 मध्ये एका अमेरिकन निसर्गसंस्थेनं कॅलिफोर्नियातल्या बिग सर या किनारी भागाच्या छायाचित्रांच्या ग्रंथाला त्याच्याच कवितेतले शब्द शीर्षक म्हणून दिले. 1973 मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं. पण त्याआधीची बरीच वर्षं तो अडगळीत पडला होता. त्याचं एक मोठं कारण ‘द डबल ॲक्स’ हा 1948 चा संग्रह.

हस्तलिखित न्यू यॉर्कच्या प्रकाशकाकडे पोचलं तेव्हा महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. अमेरिकेनं या युद्धात पडायलाच नको होतं, हे जेफर्सचं ठाम मत. त्यातल्या दीर्घकवितेत मेलेला सैनिक कुजक्या देहानिशी घरी येतो आणि आपल्याला कशासाठी मारलंत, असा जाब विचारतो. दुसऱ्या एका कवितेत शांततेच्या दिवशी पोरं हिटलर आणि अमेरिकेचे युद्धकाळातले राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे पुतळे एकाच झाडाला फाशी देतात. रूझवेल्ट 1945 मध्येच वारले होते. संपादक हबकला यात नवल नाही. पत्रापत्री झाली, काही ओळी मवाळ केल्या गेल्या, दहाएक कविता गळाल्या. पुतळ्यांची कविताही गेली. एवढं होऊनही कवीच्या काही राजकीय मतांशी आपण सहमत नाही, असं निवेदन प्रकाशकानं पुस्तकातच छापलं.

पुस्तक नाकारलं नाही, हे प्रकाशकाच्या बाजूनं म्हणता येईल. जेफर्सनंही निवेदन चालवून घेतलं. पण आधी कविता गाळायला लावायच्या आणि वर हातही झटकायचे, हे जरा अतीच झालं. समीक्षकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. त्यात प्रस्तावनेत त्यानं आपल्या विचाराला ‘इनह्यूमनिझम’ म्हटलेलं. माणसानं स्वतःभोवती फिरणं सोडून डोंगर, समुद्र, ससाणे यांच्याकडे बघावं, एवढाच त्याचा रोख. लोकांनी त्यातून माणूसद्वेष काढला.

खरं तर हा विचार युद्धातून आलेला नव्हता. 1919 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या कार्मेलला घर बांधताना तो गवंड्याच्या हाताखाली राबला, दगड बसवायला शिकला. मग किनाऱ्यावरचे ग्रॅनाइटचे धोंडे वर ओढून आणत बायकोसाठी एक बुरूजच उभारला. कविताही तिथूनच बदलली. त्याचं नावही झालं; 1932 मध्ये तर एका बड्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला होता.

गाळलेल्या कवितांसह संग्रह 1977 मध्ये पुन्हा निघाला, तोही दुसऱ्याच प्रकाशकाकडून. जेफर्स 1962 मध्ये गेला होता.