अँब्रोज बिअर्सच्या युद्धकथा : नकाशे काढणाऱ्या सैनिकाचे कथाविश्व

अँब्रोज ग्विनेट बिअर्स (जन्म २४ जून १८४२, १९१३ अखेर मेक्सिकोत बेपत्ता) हा अमेरिकन पत्रकार आणि लघुकथाकार. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) तो उत्तरेच्या बाजूने लढला. त्याच्या नावाजलेल्या बहुतेक कथा याच युद्धावर आहेत. सैन्यातले त्याचे मुख्य काम रणभूमीचे नकाशे काढण्याचे होते, आणि त्याच्या कथांची घडण समजून घ्यायची तर याच कामापासून सुरुवात करावी लागते.

ओहायो राज्यातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात तो जन्मला. तेरा भावंडांतला तो दहावा, आणि सगळ्यांची नावे इंग्रजी वर्णमालेतल्या पहिल्याच अक्षराने सुरू होणारी. बालपण इंडियानात गेले. घरात पैसा नव्हता, पण वडिलांच्या संग्रहातली पुस्तके होती. किशोरवयातच तो गुलामगिरीविरोधी मताच्या एका वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि लगेच नवव्या इंडियाना पायदळ पलटणीत भरती झाला.

एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांहून अधिक सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. पेटलेल्या पालापाचोळ्यात होरपळून मेलेले जखमी सैनिक बिअर्सने तिथे पाहिले आणि सुमारे दोन दशकांनी त्या लढाईच्या आठवणींत त्यांचे वर्णन केले. १८६३ मध्ये जनरल विल्यम हेझनच्या हाताखाली त्याची नकाशे काढणारा अधिकारी म्हणून नेमणूक झाली. सैन्य पोचण्याआधी पुढे जायचे, रस्ता कुठे वळतो, ओढा कुठे ओलांडता येतो, कुठल्या उंचवट्यावरून तोफा लागू होतील हे टिपायचे आणि कागदावर उतरवायचे, हे त्याचे काम. चुकीच्या नकाशाची किंमत पलटणीला मोजावी लागे.

‘आकाशातला घोडेस्वार’ (१८८९) या कथेत ही सवय उघड दिसते. काळ १८६१चा शरद ऋतू, जागा पश्चिम व्हर्जिनिया. बिअर्सची पहिली मोहीम याच डोंगराळ भागात झाली होती. पहाऱ्यावरचा शिपाई झुडपात झोपलेला आहे. त्याच्याविषयी काही कळण्याआधी आपल्याला रस्ता कळतो : दक्षिणेकडे चढत आलेला, मग एकदम पश्चिमेला वळून माथ्यावरून सुमारे शंभर यार्ड जाणारा, पुन्हा दक्षिणेला वळून नागमोडी उतरणारा. दुसऱ्या वळणाशी उत्तरेकडे पुढे आलेला सपाट खडक, आणि खाली हजार फुटांचा सरळ कडा. दरीत उत्तरेच्या पाच पलटणी लपल्या आहेत. त्या खडकावर शत्रूचा एक घोडेस्वार येऊन उभा राहतो, त्याला त्या पलटणी दिसतात, आणि शिपायाला गोळी झाडावीच लागते. तो घोडेस्वार त्याचा बाप असतो. दिशा आणि अंतरे आधी इतकी नेमकी दिल्यामुळे हा प्रसंग योगायोग वाटत नाही. त्या जागी उभ्या राहणाऱ्याला दुसरी वाटच उरलेली नसते. माझ्या मते बिअर्सचे सर्वांत मोठे कसब हेच आहे.

२३ जून १८६४ रोजी जॉर्जियातल्या केनेसॉ पर्वतापाशी त्याच्या डोक्यात गोळी लागली. तो वाचला, पण पुढे बराच काळ त्याला भोवळ येत असे. ‘बेपत्तांपैकी एक’ (१८८८) ही कथा याच परिसरात घडते. टेहळणीला गेलेला जेरोम सिअरिंग कोसळलेल्या इमारतीखाली अडकतो. हलता येत नाही आणि त्याच्याच रायफलची नळी कपाळावर रोखलेली असते. त्याच्या मनात युगे लोटतात. अखेर भीतीनेच तो मरतो. रायफलीतली गोळी तर इमारत पडतानाच सुटून गेलेली असते. इमारत कोसळल्याचा आवाज त्याच्या अधिकारी भावाने ऐकला तेव्हा घड्याळात सहा वाजून अठरा मिनिटे झाली होती. आगेकूच करताना तो मृतदेहाजवळून जातो तेव्हा सहा चाळीस. बावीस मिनिटांत चेहरा इतका बदललेला असतो की सख्खा भाऊ ओळखत नाही. घड्याळातला वेळ आणि भ्यालेल्या मनातला वेळ यांतले हे अंतर ‘आउल क्रीक पुलावरची घटना’ (१८९०) या त्याच्या सर्वांत गाजलेल्या कथेच्याही केंद्रस्थानी आहे. तिथेही पुलावरचा प्रत्येक शिपाई कुठे आणि कसा उभा आहे, हे फाशी जाणाऱ्या माणसाच्या नावाआधी सांगितले जाते.

१८६६ मध्ये हेझनबरोबर पश्चिमेकडच्या लष्करी ठाण्यांची पाहणी करत तो सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. कॅप्टनचे पद मिळेल अशी आशा होती. मिळाले सेकंड लेफ्टनंटचे. त्याने ते नाकारले आणि पत्रकारिता धरली. १८८७ पासून तो वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या ‘एक्झॅमिनर’ या वृत्तपत्रात लिहू लागला आणि वर उल्लेखिलेल्या कथा तिथेच आल्या. मजकूर आटोपशीर ठेवण्याची शिस्त त्याला वृत्तपत्राने लावली असावी. कादंबरीबद्दल त्याला आदर नव्हता; ‘फुगवलेली लघुकथा’ अशी तिची व्याख्या त्याने आपल्या विक्षिप्त शब्दकोशात केली.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. १८८०च्या दशकात जुने सेनापती मासिकांतून आठवणी लिहीत होते, उत्तर-दक्षिणेचा समेट साजरा होत होता आणि युद्धाला शौर्यगाथेचे रूप येत होते. बिअर्सला हे सहन होत नव्हते. एका रणभूमीचे नाव दिलेली ‘चिकामॉगा’ (१८८९) ही कथा म्हणजे त्याचे उत्तर. लाकडी तलवार घेऊन खेळणारा सहा वर्षांचा मुलगा जंगलात झोपी जातो. जागा झाल्यावर त्याला रक्तबंबाळ सैनिक ओढ्याकडे रांगत जाताना दिसतात. घरच्या गुलामांच्या पाठीवर बसून तो घोडा-घोडा खेळलेला असतो, म्हणून एका जखमी सैनिकाच्या पाठीवरही तो बसू पाहतो. मूल मुके-बहिरे आहे, म्हणून शेजारची लढाई त्याला ऐकूच आलेली नसते. वाचकाला हे कळते तोवर मुलाचे घर जळालेले असते आणि आई मेलेली असते.

या कथांचा संग्रह छापायला मोठे प्रकाशक तयार झाले नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ई. एल. जी. स्टील या व्यापारी मित्राने तो काढला, आणि हे बिअर्सने प्रस्तावनेतच नोंदवले. पुस्तकावर वर्ष १८९१ आहे.

युद्धाबाहेरच्या त्याच्या भयकथा आणि कुटुंबातल्या खुनांच्या कथा मला तुलनेने कृत्रिम वाटतात. त्यांत पायाखालची जमीन नाही. अपवाद ‘चांदण्यातला रस्ता’ (१९०७) : एकाच खुनाच्या तीन साक्षी, त्यांतली एक मृत स्त्रीची. जपानी लेखक र्‍युनोसुके अकुतागावाच्या १९२२च्या ‘झाडीत’ या कथेवर तिचा प्रभाव मानला जातो, आणि अकुतागावाच्या त्या कथेवर अकिरा कुरोसावाचा ‘राशोमोन’ (१९५०) उभा आहे. आउल क्रीकच्या कथेवर रॉबेर एन्रिकोने केलेल्या फ्रेंच लघुपटाला १९६२ मध्ये कान महोत्सवात पारितोषिक आणि नंतर ऑस्कर मिळाले.

ऑक्टोबर १९१३ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी बिअर्स शायलो, चिकामॉगा या जुन्या रणभूमी पुन्हा पाहून क्रांतीने पेटलेल्या मेक्सिकोकडे निघाला. डिसेंबर अखेरच्या पत्रानंतर त्याचा विश्वसनीय मागमूस लागला नाही.