ब्लड कॅन्सरमध्ये रक्त ‘पातळ’ होतं?

ल्युकेमियात रक्त पातळ होतं म्हणून हिरड्यांतून येतं, हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, पण ते अर्धवट आहे. प्लेटलेट कमी होतात हे खरंच, पण एपीएल (अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) नावाच्या प्रकारात प्रकरण उलटं सुरू होतं. त्यातल्या कॅन्सरच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर (रक्त गोठायला सुरुवात करून देणारं प्रथिन) असतो, त्याने रक्तात बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात, त्यातच फायब्रिनोजेन (गुठळी ज्यापासून बनते ते प्रथिन) आणि प्लेटलेट संपतात, वर त्याच पेशींवरचं अ‍ॅनेक्सिन २ हे प्रथिन गुठळ्या विरघळवायचा वेग वाढवतं, मग सुई टोचलेल्या जागेवरूनही रक्त थांबत नाही. नुसता प्लेटलेट काउंट बघून हे कळत नाही, फायब्रिनोजेन, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ), डी-डायमर (गुठळ्या विरघळल्याची खूण) या तपासण्या कराव्याच लागतात. संशय आला की जनुकीय रिपोर्टची वाट न बघता एट्रा हे औषध लगेच चालू करतात, ते अ जीवनसत्त्वाचंच एक रूप (म्हणून घरी जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात बसू नका, प्लीज).