वॉरफील्ड यांचे दहा खंड: पार्श्वभूमी

अमेरिकन प्रॉटेस्टंट धर्मपंडित बेंजामिन ब्रेकिन्रिज वॉरफील्ड 1887 पासून 1921 मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रिन्स्टन सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, ईश्वरविज्ञान शिकवत होते. वर्गात चार्ल्स हॉज यांचा तीन खंडांचा ग्रंथ लावलेला असे. तसा सलग ग्रंथ वॉरफील्ड यांनी लिहिलाच नाही. त्यांचं विचारधन त्रैमासिकांत आणि विश्वकोशांत विखुरलेलं राहिलं. 1890 ते 1902 'प्रेस्बिटेरियन अँड रिफॉर्म्ड रिव्ह्यू'चं संपादन त्यांच्याकडेच होतं, 1903 पासून 'प्रिन्स्टन थिऑलॉजिकल रिव्ह्यू' निघू लागलं.

हे लेख एकत्र छापण्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रातच केली होती आणि त्यासाठी समितीही नेमली होती. त्यातून 1927 ते 1932 दरम्यान ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने दहा खंड काढले. पहिला प्रकटीकरण व प्रेरणा (बायबल देवाकडून आलं म्हणजे नेमकं काय) यांवर, पाचवा सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्विन यांच्यावर, सहावा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये भरलेल्या वेस्टमिन्स्टर धर्मपरिषदेवर, दहावा पुस्तक-परीक्षणांचा. सातवा आणि आठवा मात्र एकाच वादाला वाहिलेले आहेत: माणूस याच देहात पूर्ण पवित्र होऊ शकतो का? त्यातले बहुतेक लेख आयुष्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतले.

खंडांची मांडणी विषयवार आहे, कालक्रमाने नाही, आणि नवखा वाचक इथेच फसतो. शेजारी-शेजारी छापलेल्या दोन लेखांत वीस वर्षांचं अंतर असू शकतं आणि समोरचा प्रतिपक्षही वेगळा. म्हणून आधी मूळ प्रसिद्धीचं वर्ष पाहावं, मगच लेख वाचायला घ्यावा.

पहिल्या खंडातला 1900 चा एक लेख त्यांची पद्धत उत्तम दाखवतो. बायबलच्या नव्या करारातल्या 2 तीमथ्य 3:16 मधल्या 'थिओप्न्यूस्टॉस' या एका ग्रीक शब्दाचा त्यात कीस पाडला आहे. जर्मन अभ्यासक हेर्मान क्रेमर यांचा कल 'देवाचा श्वास सोडणारं' शास्त्र, अशा कर्तरी अर्थाकडे होता. वॉरफील्ड ग्रीक वाङ्मयातले याच घडणीचे शब्द तपासत जातात आणि अर्थ कर्मणीच आहे असं दाखवतात: देवाच्या श्वासातून निर्माण झालेलं. मराठी बायबलातला 'परमेश्वरप्रेरित' हा शब्द वाचताना ही छटा लक्षात ठेवायला हवी. 'प्रेरित' म्हटलं की आपलं लक्ष लेखकाच्या मनाकडे जातं, वॉरफील्ड यांचा भर मात्र लिहिल्या गेलेल्या मजकुरावर आहे.

एक मोठी उणीव आहे. चार्ल्स हॉज यांचे पुत्र ए. ए. हॉज यांच्यासोबत 1881 मध्ये लिहिलेला, बायबल निर्दोष आहे का या पुढच्या सगळ्या वादाची ठिणगी ठरलेला 'इन्स्पिरेशन' हा निबंध पहिल्या खंडात नाही. तो 1979 मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने पुन्हा निघाला. वॉरफील्ड यांच्या लेखांचं 1948 मध्ये निघालेलं प्रेरणेवरचं पुस्तकही 1927 च्या खंडाची हुबेहूब आवृत्ती नव्हे, त्यातली निवड वेगळी आहे. संदर्भ देताना वर्ष नोंदवलं नाही तर पृष्ठक्रमांक जुळत नाहीत.

दहा खंडांबाहेर राहिलेले छोटे लेख संपादक जॉन मीटर यांनी 1970 आणि 1973 मध्ये दोन खंडांत आणले. बेकर प्रकाशनाने मूळ दहाचं पुनर्मुद्रण केलं ते 1981 मध्ये.