पेपरोमियाची टाकी पानात असते

पेपरोमिया या घरात कुंडीत लावायच्या शोभेच्या झाडाचं एक जाड पान घ्या. शक्यतो ऑब्ट्युसिफोलिया या जातीचं, म्हणजे नर्सरीत ज्याला ‘बेबी रबर प्लांट’ म्हणतात त्याचं. नव्या ब्लेडने ते आडवं कापा आणि कापलेली कड खिडकीच्या उजेडात धरा. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी चालेल. वरच्या बाजूला काचेसारखा पारदर्शक थर दिसेल, त्याच्याखाली गडद हिरवी रेघ आणि तिच्याखाली फिकट हिरवा भाग. वरून बघताना पान आरपार हिरवं वाटतं, पण अन्न तयार करण्याचं मुख्य काम त्या बारीक रेघेत चालतं. तिच्यावरच्या पारदर्शक पेशींचं काम पाणी साठवण्याचं. इमारतीच्या गच्चीवर टाकी असावी, तशीच ही सोय आहे.

हा छेद मी पहिल्यांदा पाहिला तो एक झाड गमावल्यावर. रोज सकाळी चहा झाला की कुंड्यांना पाणी घालायची सवय होती आणि तुळशीला, जास्वंदीला मिळायचं तेवढंच पेपरोमियालाही मिळायचं. तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली, खोड मऊ झालं. झाड पाण्याविना सुकतंय असं वाटून मी आणखी पाणी घातलं. शेवटी खोडाला हात लावला तर झाड अलगद वर आलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. ओल्या मातीत उभं राहून झाड तहानलेलं होतं, कारण पाणी ओढायला मुळंच उरली नव्हती.

हे झाड मुळात राहतं कुठे, ते कळलं की असं का होतं ते उमगतं. पेपरोमियाच्या हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. रुईझ आणि पावोन या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७९४ साली या प्रजातीला, म्हणजे या साऱ्या जातींच्या गटाला, नाव दिलं, त्याचा अर्थ ‘मिरीसारखी’. नाव अगदी योग्य आहे. काळी मिरी, पिंपळी आणि आपलं विड्याचं पान ज्या कुळातलं, त्याच कुळातली ही. फुलोरा आला की नातं लगेच दिसतं: पाकळ्या नाहीत, रंग नाही, नुसती उंदराच्या शेपटीसारखी फिकट, ताठ काडी. तिच्यावर सूक्ष्म फुलं चिकटलेली असतात. काही जण ती रोगट समजून खुडतात. खुडली तरी झाडाचं नुकसान नाही, पण ती फुलंच आहेत.

यांतल्या कितीतरी जाती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, शेवाळात आणि साठलेल्या पाचोळ्यात वाढतात. बांडगुळासारखा त्या यजमान झाडाचा रस शोषत नाहीत, आमरीसारख्या, म्हणजे ऑर्किडसारख्या, नुसत्या वस्तीला असतात. आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही पेपरोमिया टेट्राफायला ही जात झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर अशीच पसरलेली सापडते. फांदीवर पाऊस भरपूर पडतो, पण थांबत नाही. सर ओसरली की थोड्या वेळात सगळं निथळून जातं आणि मुळांभोवती हवा खेळू लागते. म्हणून मिळेल तेवढं पाणी पानात भरून ठेवायचं आणि पुढची सर येईपर्यंत ते पुरवायचं.

पुरवण्याची रीत फार सुंदर आहे. पाणी कमी पडू लागलं की आधी रिकामी होते ती वरची टाकी. तिच्या पेशींच्या भिंती पातळ असतात, त्या लोहाराच्या भात्यासारख्या घडी पडून मिटतात आणि त्यांतलं पाणी खालच्या हिरव्या थराला मिळत राहतं. पान पातळ होतं, पण काम चालू ठेवतं. पेरू देशातल्या डोलाब्रिफॉर्मिस या जातीत तर पान शेंगेसारखं मिटलेलं असतं आणि वरच्या कडेला पारदर्शक पट्टी असते. त्या खिडकीतून ऊन आत उतरतं.

घरी याचा सरळ उपयोग होतो. पाणी कधी घालायचं ते वारावर ठरवू नका, पानाला विचारा. एक पूर्ण वाढलेलं पान अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हलकेच दुमडायचा प्रयत्न करा. ताठ राहिलं, विरोध केला, तर टाकी भरलेली आहे. सहज वाकलं तर बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा आणि तिथेही कोरडं लागलं तरच पाणी द्या. देताना मात्र कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत द्या आणि बशीत साठलेलं ओतून टाका. पान वाकतंय पण माती ओली आहे, तर पाणी घालू नका. झाड उपसून मुळं बघा.

पेपरोमियाच्या अनेक जाती आणखी एक काटकसर करतात. पानावरची रंध्रं, म्हणजे सूक्ष्म छिद्रं, दिवसा उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण पाण्याची वाफही बाहेर जाते. म्हणून या जाती कमीअधिक प्रमाणात रात्रीचा वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. या रीतीची एक जुनी नोंद भारतातली आहे. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान चघळून पाहिलं: सकाळी चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचं हे टिपण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापून आलं. यावरूनच ‘रात्री ऑक्सिजन देणारी झाडं’ ही जाहिरात निघाली असावी, पण ती चुकीची आहे. ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. अशी झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात, ऑक्सिजन देत नाहीत. पेपरोमिया घरात ठेवावी ती देखणी आहे म्हणून. मांजर-कुत्र्यांना ती विषारी नाही, हाही मोठा दिलासा.

आता माती. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि हवेच्या तुलनेत तो पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि मग कुजवणाऱ्या बुरशा शिरतात. नर्सरीतून झाड बरेचदा चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतं. अंगणात ती माती चालते, या मुळांना नाही. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि विटेचे बारीक तुकडे जवळपास सारखे घेते आणि मूठभर गांडूळखत घालते.

कुंडीच्या तळाला खडी किंवा खापऱ्यांचा जाड थर घालायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने निचरा सुधारत नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल, पण खालच्या टोकाशी थोडं तरी अडकून राहीलच. मातीतही असाच ओला थर राहतो आणि खाली खडी असली तर तो तिच्यावर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे. कुंडी मुळांच्या मानाने लहानच ठेवा.

उजेड भरपूर, पण दुपारचं थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी उत्तम. पुण्या-नाशकाकडे थंडीत पारा दहाच्या आसपास गेला तर कुंडी खिडकीच्या काचेपासून आत घ्या. पावसाळ्यात मात्र जास्त लक्ष द्यावं लागतं. हवा दमट असल्याने पानांतून वाफ फारशी जात नाही, मुळं पाणी चढवत राहतात, पेशी फुगून फुटतात आणि पानाच्या खालच्या बाजूला बुचासारखे खरखरीत ठिपके येतात. लोक कीड समजून औषध मारतात. पाणी कमी करा, पंख्याची हवा लागू द्या. जुने ठिपके जाणार नाहीत, नवी पानं स्वच्छ येतील.

पानात एवढा साठा असल्यामुळे तुटलेलं पानही तग धरतं. कलिंगडासारखे पट्टे असलेल्या आर्जिरियाचं पान मधोमध आडवं कापून कापलेली कड ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. शिरा जिथे कापल्या गेल्या तिथून मुळं फुटतात आणि पुढे काही आठवड्यांनी त्या कडेवर पिटुकली रोपं उगवतात. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या ऑब्ट्युसिफोलियाला हा उपाय करू नका. तिच्यात हिरव्या आणि रंगहीन पेशींचे थर एकत्र नांदत असतात, पानापासून उगवलेलं रोप बहुधा त्यांतल्या एकाच थरातून येतं आणि साधं हिरवं निघतं. तिचा शेंड्याकडचा, दोन-तीन पेरांचा तुकडाच लावा.